दाताचा इम्प्लांट बसवताय? खर्च, हाड, साखर आणि जपून ठेवायचा एक कागद

काढलेल्या किंवा पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढवतात, त्या उपचाराला दंतरोपण म्हणतात. हा झाला पुस्तकातला शब्द. बोलण्यात सगळेच इम्प्लांट म्हणतात, दवाखान्याच्या पाटीवरही तेच असतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा पेशंट यासाठी कधी गावातल्याच डॉक्टरकडे जातो, कधी कोल्हापूर-मिरज गाठतो, कधी गोव्यात जातो. मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर दिवाळीच्या मुक्कामात स्क्रू तिथंच बसवून घेतला जातो आणि गावी परतल्यावर पुढचं बघू म्हणून सोडून दिलं जातं. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांतही थोड्याफार फरकानं हेच चालतं.

कुठं बसवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र इम्प्लांट म्हणजे एकदा पैसे मोजून घरी आणायची वस्तू नव्हे. बसवून पूर्ण व्हायला तीन ते नऊ महिने लागतात आणि सांभाळायचा असतो तो उरलेल्या आयुष्यभर. ज्या डॉक्टरनं बसवला तो दहा वर्षांनी त्याच गावात असेल की नाही, सांगता येत नाही.

नेमकं काय बसवतात

इम्प्लांटचे तीन भाग. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारा दात, म्हणजे कॅप. कॅप सिरॅमिक, झिर्कोनिया किंवा धातूवर सिरॅमिक अशी असते. तीन भाग म्हणजे खर्चाचेही तीन आकडे, हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

टायटॅनियमच का, याची गोष्ट मजेची आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं नळकांडं काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, कारण हाड धातूला घट्ट चिकटून वाढलं होतं. त्यावरून पुढं १९६५ मध्ये योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते इम्प्लांट कामात होते.

हाड धातूला धरायला वेळ घेतं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत असल्यानं चार ते सहा महिने. हाड कमी असेल आणि आधी भरावं लागलं तर आणखी चार-सहा महिने. ‘एका दिवसात दात’, ‘तीन दिवसांत बत्तिशी’ असल्या जाहिराती साफ खोट्या असतात असं नाही. हाड भरपूर आणि टणक असेल, स्क्रू घट्ट बसला असेल, तर काही पेशंटना लगेच तात्पुरते दात देता येतात. पण ते कुणाला चालेल हे स्कॅन पाहिल्यावर ठरतं. स्कॅन न पाहता फोनवरच तीन दिवसांची हमी मिळत असेल, तर त्या दवाखान्याची घाई पेशंटनं आपली करून घेऊ नये.

इम्प्लांटच हवा का?

हा प्रश्न डॉक्टरांना उघड विचारावा. एक दात गेला असेल तर ब्रिज हा जुना आणि चांगला पर्याय आहे. त्यात शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारानं मधला दात बसवतात. आठ-पंधरा दिवसांत काम होतं. तोटा असा की चांगले दात घासावे लागतात. शेजारचे दात निरोगी असतील तर इम्प्लांट सरस. पण त्या दातांचं आधीच रूट कॅनल होऊन कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज जास्त शहाणपणाचा ठरू शकतो. अक्कलदाढ गेली असेल तर तिथं काहीच बसवायची गरज नसते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. सगळे दात गेलेल्यांची वरची कवळी बहुतेक वेळा टाळूला धरून बसते, खालची मात्र जिभेबरोबर तरंगते. बोलताना निसटते, भाकरी चावता येत नाही, शेवटी ती डबीतच राहते आणि माणूस आमटीत कुस्करलेल्या भातावर दिवस काढतो. अशा वेळी पूर्ण खालच्या जबड्याला सहा-आठ इम्प्लांट लावायलाच पाहिजेत असं नाही. पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. ती काढून धुता येते. जगभरातल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमून, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा, असं मत दिलं होतं. ‘फिक्स’ दातांचा आग्रह धरण्याआधी याचा भाव विचारून बघावा. वयाची अडचण तशी नसते, सत्तर-पंचाहत्तरीतही इम्प्लांट बसतात. उलट अठरा वर्षांखालच्या मुलांना सहसा बसवत नाहीत, कारण जबडा वाढत असतो आणि इम्प्लांट जागेवरच राहतो.

हाडाचा हिशेब

दात काढल्यावर त्याखालचं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दात काढायचं ठरलं की त्याच दिवशी पुढचं काय, हे विचारावं. पाच वर्षांनी गेलं तरी इम्प्लांट बसतो, पण हाड भरण्याचा खर्च वाढण्याची शक्यता असते.

हाड किती आहे हे साध्या एक्स-रेत पूर्ण कळत नाही. त्यात उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. दोन्हींपासून स्क्रू किती लांब राहील हे स्कॅनवर मोजतात. स्कॅनची सीडी किंवा फाईल पेशंटनं मागून घ्यावी. पैसे त्यानंच भरलेले असतात.

हाड भरायला वापरतात त्या पावडरीबद्दलही विचारावं. काही पावडरी गाय-बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवतात, वरून घालायचे काही पडदे डुकराच्या कातडीपासून तयार केलेले असतात. वैद्यकीयदृष्ट्या त्यात वावगं काही नाही आणि जगभर ते वापरतात. पण ज्यांना ते चालणार नाही त्यांना आधी कळायला हवं. कृत्रिम पावडर किंवा पेशंटचंच हाड हे पर्याय असतात. संमतीच्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं आणि सही झाल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

साखर, तंबाखू आणि गोळ्यांची यादी

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट नाहीच, असं नाही. साखर ताब्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर पुढं जातात. आठच्या वर असेल तर थांबून आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. साखर जास्त असली की जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो आणि हाड स्क्रूला धरत नाही. सकाळची उपाशीपोटीची एक चिठ्ठी दाखवून भागत नाही.

तंबाखूचा विषय या भागात टाळून चालणार नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतो. तंबाखू-चुना गालात धरणाऱ्यांच्या आणि मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या आधीच खालावलेल्या असतात. मिश्रीला पुष्कळजणी तंबाखू समजतच नाहीत, त्यामुळं डॉक्टरांनी ‘काही खाता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ असं येतं. स्पष्ट सांगावं. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. तोंड उघडणंच कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणं अवघड. आणि अशा तोंडाची इम्प्लांटआधी कॅन्सरच्या दृष्टीनं तपासणी व्हायला हवी.

औषधांमध्ये सगळ्यात जास्त विसरली जातात ती हाडं ठिसूळ झाल्याबद्दलची. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. यांच्यामुळं जबड्याच्या हाडाची जखम न भरता हाड मरण्याचा धोका असतो. गोळीवर तो कमी. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या डोसात दिली जातात, तेव्हा तो बराच जास्त. इंजेक्शन वर्षातून एकदाच असल्यानं ‘रोजच्या गोळ्या’ विचारल्या की आजीला ते आठवत नाही. हाडांच्या डॉक्टरांची फाईल सोबत न्यावी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल तर साधारण सहा महिने थांबतात. तोंडाला-मानेला रेडिएशन झालेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं.

आणि पायरिया. हिरड्या सुजून रक्त येत असताना एका जागी इम्प्लांट बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या घरात नवी चौकट. आधी हिरड्यांचा इलाज.

खर्चाचा कागद

भारतात एका दाताचा सगळा मिळून खर्च साधारण पंचवीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून वर जातो. फरक पडतो तो कंपनी, कॅपचा प्रकार, हाड भरावं लागतं का आणि शहर यांमुळं. स्विस-स्वीडिश कंपन्यांचे स्क्रू महाग असतात, कोरियन आणि इस्रायली मधल्या भावात, भारतीय बनावटीचे त्याहून स्वस्त. महागाचाच टिकतो असं नाही. पण ज्या कंपनीचे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील तीच घ्यावी.

जाहिरातीतला आकडा पुष्कळदा फक्त स्क्रूचा असतो. म्हणून एकूण अंदाजपत्रक लेखी घ्यावं आणि त्यात रकमा वेगवेगळ्या मागाव्यात : स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, हाड भरणं, मधल्या काळातला तात्पुरता दात, आणि स्क्रू धरला नाही तर दुसऱ्यांदा बसवण्याचे किती. ही शेवटची ओळ लिहून देताना दवाखाना कसा वागतो यावरून बरंच कळतं. ‘लाइफटाइम वॉरंटी’ असते ती बहुतेक कंपनीनं दिलेली, स्क्रूच्या धातूपुरती. म्हणजे स्क्रू बदलून मिळेल. शस्त्रक्रिया, कॅप, हाडाची पावडर यांचे पैसे त्यात येतात असं गृहीत धरू नये.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्यावेत : थोडे स्क्रूच्या वेळी, उरलेले कॅप बसल्यावर. हप्त्यांची योजना असेल तर ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि दवाखान्याला सगळी रक्कम पहिल्याच दिवशी पोचते. पुढं उपचार अडला तरी हप्ता चालूच राहतो. साध्या आरोग्य विमा पॉलिसीत दातांचे उपचार सहसा येत नाहीत, अपघातात दात जाऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. ६० वर्षांवरच्या ज्या पालकांचा आरोग्य विमाच नाही, त्यांच्या उपचाराचा खर्च जुन्या करपद्धतीत वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावटीला दाखवता येतो. मात्र पैसे रोख दिलेले नसावेत आणि पावती हवी. ‘पावती नको असेल तर दोन हजार कमी’ ही सवलत मग महाग पडते, आणि तक्रारीची वेळ आली तर त्याहूनही.

डॉक्टर आणि भाषा

‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ असं पाटीवर दिसतं, पण भारतात दंतशास्त्राच्या मान्यताप्राप्त एमडीएस शाखा नऊ आहेत आणि त्यांत इम्प्लांट ही स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दात, हिरड्या आणि मुखशल्यचिकित्सा या तीन शाखांचे डॉक्टर हे काम शिकलेले असतात. अनुभवी बीडीएस डॉक्टरही ते उत्तम करतात. पाहुणे डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन स्क्रू बसवून जातात अशीही पद्धत आहे. त्यात गैर नाही, पण मधल्या दिवसांत सूज आली तर कोण बघणार, हे ठरलेलं असावं. डॉक्टरांची राज्य दंत परिषदेतली नोंदणी तपासता येते.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करावी. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळाची अशी दोन महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, इंदूर आणि हैदराबादलाही सरकारी आहेत. फी कमी पडते, फेऱ्या जास्त होतात. स्क्रूची किंमत मात्र तिथंही बहुतेक पेशंटलाच भरावी लागते.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. संमतिपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं आणि आई-वडील मराठीशिवाय दुसरं वाचत नाहीत. अशा वेळी ‘इथं सही करा’ एवढ्यावर भागवू नये. मजकूर मराठीत समजावून सांगा, असं म्हणायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. घरातलं वाचणारं माणूस बरोबर न्यावं.

तो कागद

स्क्रूच्या पाकिटावर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. त्याची एक प्रत डॉक्टर आपल्या नोंदीत चिकटवतात, दुसरी पेशंटच्या कार्डावर लावून मिळते. मिळाली नाही तर मागावी. त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवावा. कॅप स्क्रूनं बसवली आहे की सिमेंटनं, हेही त्यावर लिहून घ्यावं.

कारण साधं आहे. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं असतं, त्याला लागणारा पाना वेगळा, वर बसणारा जोडही वेगळा. पुण्यात बसवलेल्या इम्प्लांटची कॅप पाच वर्षांनी खानापुरात हलायला लागली तर तिथला डॉक्टर एक्स-रे पाहून अंदाज बांधतो, चार पाने लावून बघतो, आणि जमलं नाही तर पुण्यालाच जा म्हणतो. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी अख्खा दिवस आणि गाडीभाडं. आतला छोटा स्क्रू तुटला तर काम याहून अवघड. स्टिकर असेल तर इथला डॉक्टर नेमका भाग मागवून घेतो. कार्डाबरोबर स्क्रू बसवल्या दिवशीचा आणि कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे ठेवला तर पुढं हाड किती झिजलं हे ताडून बघता येतं.

बसवल्यानंतर

स्क्रू बसवणं ऐकायला भीतीदायक वाटतं, पण दात काढण्याइतकाच किंवा त्याहून कमी त्रास होतो. जागा बधिर करून काम होतं, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. टाके आठ-दहा दिवसांनी निघतात. एका गोष्टीला मात्र थांबू नये. खालच्या जबड्यात स्क्रू बसवल्यावर इंजेक्शनचा असर उतरायची वेळ टळून गेली आणि ओठ किंवा हनुवटी अजून बधिरच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. नसेवर दाब असेल तर एक-दोन दिवसांत स्क्रू काढून किंवा मागे घेऊन नस वाचण्याची शक्यता असते. आठवडाभर वाट पाहिली तर ती कमी होत जाते.

दहा वर्षांनंतर ९० टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात, असं अभ्यास सांगतात. पण जागेवर असणं आणि निरोगी असणं यात फरक आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला मात्र जंतुसंसर्ग होतो, आणि साधारण पाचातल्या एका पेशंटला तो पुढं-मागं होतो. तो दुखत नाही, हीच पंचाईत. ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू, तोंडाला घाण चव, हिरडी खाली सरकून धातू दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर जावं. रोज दोनदा ब्रश, फटीत जाणारा बारीक ब्रश, सहा महिन्यांनी तपासणी आणि ठरावीक काळानं एक्स-रे, एवढी देखभाल लागते. रात्री दात खाणाऱ्यांनी झोपताना घालायची प्लेट करून घ्यावी. नाहीतर कॅप तडकते.

सुरुवातीच्या महिन्यांत हाडानं धरलंच नाही तर स्क्रू काढून जागा भरू देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसवता येतो. हा प्रत्येक वेळी डॉक्टरांचा दोष नसतो. पण स्कॅन न करता, आजार न विचारता, कागद न देता काम केलं असेल तर तक्रारीला जागा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पेशंट स्वतः जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करू शकतो, दवाखाना दुसऱ्या राज्यात असला तरी. मुदत दोन वर्षांची. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार मात्र त्यांची नोंदणी ज्या राज्यात आहे तिथल्या दंत परिषदेकडे जाते.

आणि कॅप निघून हातात आली तर ती फेव्हिक्विकनं चिकटवू नये. स्वच्छ धुऊन डबीत ठेवावी आणि दोन-चार दिवसांत कार्डासह डॉक्टरकडे न्यावी. फार दिवस गेले तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही.